जबाबातला ‘अहो’

आमच्या हिच्या तोंडून चार वाक्यं काढायची तर दोन दिवस आधी अर्ज द्यावा लागतो, असं मी लग्न झाल्यापासून पाहुण्यांना सांगत आलोय. पाहुणे हसतात, हीसुद्धा हसते. पण चोरी झाली त्या संध्याकाळी ही एका परक्या माणसाशी सलग अडीच तास बोलली आणि तेवढ्या वेळात मी तीनदा चहा केला. तेव्हापासून माझ्या पोटात जे दुखायला लागलं ते डॉक्टरला दाखवण्यासारखं नव्हतं. मत्सर म्हणतात त्याला. पन्नाशी उलटलेल्या, घरोघरचे वीजमीटर वाचत फिरणाऱ्या माणसाला तो शोभत नाही हे मला कळतं, पण कळून उपयोग काय?

ही घड्याळं दुरुस्त करते. रस्त्याकडची खोली म्हणजे तिचं दुकान. काम तिच्या वडिलांचं, शाळेतून आली की ते तिला शेजारच्या स्टुलावर बसवायचे, केसाएवढी बारीक स्प्रिंग तिच्या चिमट्यात द्यायचे आणि म्हणायचे, “श्वास रोखून धर.” तिच्या कमी बोलण्याचं मूळ तिथंच असावं असा माझा अंदाज आहे. लग्न होऊन आली ती एक ट्रंक आणि एक उंच पायांचं लाकडी मेज घेऊन. सुटे भाग घरंगळू नयेत म्हणून त्या मेजाला चारी बाजूंनी बोटभर उंच कड आहे. माझी आई तेव्हा म्हणाली होती, “सून येतेय की कारखाना?” पुढं त्याच कारखान्यानं वाईट दिवसांत घर सावरलं, तेव्हा आई त्या मेजावर दुसऱ्या कोणाला कोपरसुद्धा टेकू द्यायची नाही.

उजव्या डोळ्याला भिंग लावून ती बसते. प्रत्येक घड्याळाचे भाग वेगळ्या डब्याच्या झाकणात आणि धूळ बसू नये म्हणून वर पालथा पेला. त्यामुळे आमच्याकडे तहान लागली तर पेला सापडत नाही. गिऱ्हाईकाशी तिचं बोलणं ठरलेलं: “गुरुवारी या.” गिऱ्हाईक आपलं गाऱ्हाणं सांगत बसतं, ही मान हलवते, घड्याळ कानाला लावते आणि पुन्हा म्हणते, “गुरुवारी या.” आणि गुरुवारी घड्याळ चालू असतं.

आता जे सांगायचं ते सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. चोरी झाली तेव्हा मी घरात होतो.

मंगळवार होता. दीड वाजता कामावरून सुटलो, घरी आलो, जेवलो आणि मागच्या खोलीत आडवा झालो. माझ्यात आणि दुकानात मध्ये फक्त स्वयंपाकघर आणि एक पडदा. पावणेतीनच्या सुमाराला हिची हाक आली, “अहो!” मला जाग आली. पुन्हा, “अहो!” वाटलं, खिडकीची कडी अडकली असेल, नाहीतर वरच्या फळीवरचा डबा काढून हवा असेल. उकडत होतं, अंग जड झालं होतं. मी कूस बदलली. त्याच वेळी एक पुरुषी आवाज म्हणाला, “सोड म्हणतो ना.” मी मनाशी म्हटलं, असेल कुणी तिरसट गिऱ्हाईक. तिसरा ‘अहो’ आला तो वेगळा होता. तरी मी पडूनच राहिलो, कारण तोवर दोन हाका तशाच घालवल्या होत्या आणि आता उठलो असतो तर त्या ऐकल्याचं उघड झालं असतं. मग स्टूल पडल्याचा आवाज आला आणि रस्त्यावरून कोणीतरी धावत गेलं.

बाहेर गलका झाला. कोणीतरी ओरडलं, “बाई एकटी बघून घुसला मेला! घरात कुणी नव्हतं का हो?” त्या प्रश्नानं माझी अशी काही गाळण उडाली की पाय आपोआप मागच्या दाराकडे वळले. शर्ट चढवला, कामाची पिशवी खांद्याला अडकवली, मागच्या गल्लीनं वळसा घालून पुढच्या दाराशी आलो आणि गर्दीतून वाट काढत विचारलं, “काय झालं? काय झालं?” असा मी शूर.

ही पायरीवर बसली होती. डाव्या हातानं उजवं मनगट धरलेलं. शेजारचा इस्त्रीवाला तिला पाणी देत होता. एक माणूस घड्याळाचा पट्टा बदलायला म्हणून आला, मेजाखालचा ट्रे त्यानं पिशवीत रिकामा केला, हिनं पिशवीचा बंद धरला, तर हात पिरगळून तो पळाला. लोकांची एकोणीस घड्याळं गेली. हिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या पायांकडे पाहिलं. माझ्या पायांत घरातल्या स्लिपर होत्या. इस्त्रीवाल्याकडे वळून ती म्हणाली, “हे आत्ता आले कामावरून.”

पोलीस यायच्या आधी स्वयंपाकघरात मी तिला हळूच म्हटलं, “डोळा लागला होता गं. काहीच ऐकू आलं नाही.”

“हं,” ती म्हणाली.

मग आले ते साहेब. पस्तिशीचे, किडकिडीत, नखं नीट कापलेली. आल्या आल्या त्यांनी मेजाला हात लावू नका म्हणून सांगितलं. सोबतच्या माणसानं मेजाच्या कडेवर करडी पूड उडवून ठसे घेतले, फोटो काढले. ज्या मेजावर आम्ही कधी मोठ्यानं शिंकलो नाही त्याच्यावर पूड! पण साहेबांनी तिला समजावून सांगितलं, “उद्या दुपारनंतर साफ करा. आधी कोरड्या ब्रशनं, ओल्या फडक्यानं नको, नाहीतर डाग बसेल. मनगट डॉक्टरला दाखवा आणि त्यांचा कागद जपून ठेवा.” मग माझ्याकडे पाहून म्हणाले, “तुम्ही जरा आत बसता का? जबाब बाईंचा एकटीचाच हवा.”

माझ्याच घरात मला आत बसवलं. मी स्वयंपाकघरात चहाचं आधण ठेवलं आणि पडद्याला कान लावला.

साहेबांचं बोलणं एका शब्दाचं. ही थांबली की ते म्हणायचे, “पुढे?” घाई नाही, मध्ये तोंड घालणं नाही, स्वतःचा अनुभव सांगणं नाही. नुसतं “पुढे?” आणि आमची ही बोलत होती! त्या चोराच्या डाव्या अंगठ्याचं नख काळं होतं. शर्टाला मशीनच्या तेलाचा वास होता. घड्याळ उलटं करून बघायची त्याची पद्धत जाणकाराची होती. मी माझ्या मनात त्यांचं नाव ‘पुढेसाहेब’ ठेवलं आणि दुसरा चहा टाकला.

तिसऱ्या चहाच्या वेळी मी जे ऐकलं त्यानं माझ्या अंगाचा तिळपापड झाला. साहेबांनी विचारलं, घड्याळं सापडली तर ओळखणार कशी? ही म्हणाली, “मागच्या झाकणाच्या आतून मी सुईनं खूण करते. तारीख, नंबर आणि एक अक्षर.”

“अक्षर कसलं?”

ही जरा घुटमळली. मग म्हणाली, “गिऱ्हाईकाच्या स्वभावाचं. ‘क’ म्हणजे कटकट्या. ‘घ’ म्हणजे घाईवाला. ‘र’ म्हणजे रडतराऊत. ‘स’ म्हणजे सज्जन. ‘स’ फार नाहीत.”

साहेब खो खो हसले. त्यांच्या पाठोपाठ हीसुद्धा हसली, हात सुजलेला असताना. सव्वीस वर्षं संसार केला, त्या मेजापाशी बसून हजार वेळा पेपर वाचला, आणि ही अर्धं गाव सुईनं कोरून ठेवतेय याचा मला पत्ता नाही! तो अडीच तासांचा पाहुणा मात्र आतल्या अक्षरापर्यंत पोचला.

शेवटी त्यांनी सगळा जबाब वाचून दाखवला. “चूक असेल तिथं थांबवा. शब्द तुमचे आहेत, माझे नाहीत,” म्हणाले. वाचता वाचता ते एका ठिकाणी अडले. “‘मी अहो, अहो, अहो असं तीनदा ओरडले.’ बाई, हा ‘अहो’ कोणाला?”

माझ्या हातातलं गाळणं तसंच राहिलं.

“त्यालाच,” ही म्हणाली. “‘अहो, काय करताय’ असं.”

“चोराला ‘अहो’?”

“अनोळखी माणसाला ‘अरे’ कसं म्हणणार?”

“घरात आणखी कोण होतं?”

“कोणी नाही. हे कामावर होते.”

मग पेन चाललं. साहेबांनी प्रत्येक पानावर सही करायला सांगितली आणि हिनं डाव्या हातानं वेड्यावाकड्या सह्या केल्या. जाताना साहेब म्हणाले, “वेळ लागेल. मधले काही आठवडे काहीच घडत नाहीये असं वाटेल, घाबरू नका. तेच तेच पुन्हा विचारू, कंटाळू नका. आणि काही आठवलं तर, कितीही बारीक असो, मला फोन करा.”

मी खरं तर त्या वेळी हिच्या पाया पडायला हवं होतं. तिनं मला झाकलं होतं. त्याऐवजी मी विचारलं, “माझ्या घड्याळात कुठलं अक्षर कोरलंयस?”

“तुमच्या घड्याळाला खूण कशाला? ते कुठं जातंय?”

म्हणजे एकोणीस परक्यांना एकेक अक्षर, आणि मला टिंबसुद्धा नाही. ते मला फार लागलं.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. साहेबांनी फोन करा म्हणून सांगितलेलं हिनं मनावर घेतलं. मी मागच्या खोलीत पेपर उघडावा, पुढून आवाज यावा, “अहो!” आणि मी आता तीरासारखा उठून धावत जायचो. दुकानात पाऊल टाकतो तो ही फोनवर: “अहो साहेब, एक आठवलं. तो जाताना उजव्या पायानं जरा लंगडत होता.” मी दारात उभा राहून उगाच फळीवरची धूळ झटकायचो. आणि मला? मला ती ‘अहो’ म्हणेनाशी झाली होती. जेवायची वेळ झाली की मागच्या दारात येऊन उभी राहायची आणि म्हणायची, “वाढलंय.” आधी वाटलं, दमली असेल. मग लक्षात आलं की त्या मंगळवारपासून तिनं मला एकदाही हाक मारलेली नाही.

मीही उपाय केले. एकदा जेवताना विचारलं, “आज काय झालं दुकानात?”

“काही नाही.”

“पुढे?” मी साहेबांच्या चालीत म्हटलं.

“कसलं पुढे? भात वाढू का?”

ते आपल्याला जमणारं काम नाही हे त्या दिवशी कळलं. इस्त्रीचे शर्ट घालायला लागलो, तर इस्त्रीवाला विचारतो, कुठं लग्नबिग्न आहे का? साहेब दर आठ-दहा दिवसांनी यायचे, मेजापुढं बसायचे, तेच तेच विचारायचे. माझ्याकडेही अधूनमधून रोखून बघायचे. एकदा सहज विचारल्यासारखं करून म्हणाले, “तुमची ड्युटी रोज किती वाजता सुटते हो?” माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी घरात कधी नसतो ते यांना कशाला हवंय? “नक्की असं काही नसतं,” मी फटकन म्हणालो. त्यांनी मान हलवली आणि वहीत काहीतरी टिपलं. माझ्या घरी नसण्याच्या वेळा माझ्यासमोर टिपून घेणारा माणूस!

हिची अवस्था वेगळीच होती. मनगटाला पट्टी, चिमटा धरला की हात थरथरायचा. गिऱ्हाइकं घड्याळं मागायला यायची आणि ती प्रत्येकाला सांगायची, चोरीला गेलं, तपास चालू आहे. बहुतेक जण हळहळायचे. एक जण, ‘क’वाला असणार, तोंडावर म्हणाला, “बाई, चोरीच झाली ना नक्की? की गेली कुठं परस्पर?” त्या दिवशी हिनं दुकान चार वाजताच बंद केलं. सव्वीस वर्षांत कोणाचा एक स्क्रूही तिनं इकडचा तिकडे केला नव्हता. तिच्यापाशी भांडवल म्हणून होता तो तिचा शब्द, आणि त्यालाच लोक आता हात लावून बघत होते.

पाच आठवड्यांनी फोन आला. दुसऱ्या गावातल्या जुन्या वस्तूंच्या दुकानात अकरा घड्याळं सापडली, विकणारा पकडला गेला. मी हिला पोलीस स्टेशनात घेऊन गेलो आणि बाहेरच्या बाकावर बसलो. आत हिनं आठ माणसांच्या रांगेतून त्याला ओळखलं. मग एकेक घड्याळ उघडून खुणा दाखवल्या. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा किती दिवसांनी उजळला होता. “चौदा नंबरचं उघडलं आणि आतून ‘र’ निघाला. साहेबांना हसू आवरेना,” ती म्हणाली. घड्याळं मात्र हाती मिळाली नाहीत. खटला संपेपर्यंत ती पुरावा म्हणून तिथंच राहणार होती. त्याचं तिला दुःख नव्हतं. खुणा जुळल्या, आपला शब्द खरा ठरला, एवढ्यावर ती खूश होती, आणि मी तिच्या शेजारून मख्खासारखा चालत होतो. माझ्यामुळे ती अशी कधी उजळली होती ते आठवायचा प्रयत्न केला, पण काही आठवेना.

त्याच आठवड्यात साहेबांनी तिला पुन्हा बोलावलं, एकटीला. ती परत आली तेव्हा चेहरा पडलेला. मेजापाशी बसली, भिंग लावलं आणि समोर घड्याळच नव्हतं.

“काय झालं?”

“काही नाही.”

“काय म्हणाले ते?”

“काही नाही म्हटलं ना.”

आता मात्र हद्द झाली. हसवायचं त्यांनी, रडवायचं त्यांनी, आणि मी काय नुसते चहा करायचे? दुसऱ्या दिवशी दुपारी ड्युटी सुटल्यावर मी तडक पोलीस स्टेशन गाठलं.

साहेब एकटेच होते. त्यांनी खुर्ची पुढं केली. मी बसलो नाही. “माझ्या बायकोला सारखं सारखं बोलावणं बंद करा,” मी म्हणालो. “तिचा जबाब झाला, ओळख झाली, आता काय राहिलंय?”

“पुढे?” साहेब म्हणाले.

“पुढे काय! ती रडवेली होऊन येते. तुमच्याशी तास तास बोलते आणि घरात तोंड उघडत नाही. माझ्या बायकोच्या मनातली अक्षरं तुम्हाला ठाऊक, मला नाहीत. माझ्या ड्युटीच्या वेळा कशाला हव्यात तुम्हाला? माणसानं समजायचं काय?”

“पुढे?”

आणि मी बोलतच सुटलो. तो शब्दच तसला. मेजावरच्या पुडीपासून भातापर्यंत सगळं ओकलो. बोलून दमलो तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी खुर्चीवर बसलोय आणि माझ्या हातात पाण्याचा पेला आहे.

साहेबांनी उठून दार लोटलं, एक फाईल उघडली. “आता मी सांगतो,” ते म्हणाले. “पहिले तीन आठवडे मी चोराच्या मागावर नव्हतो. तुमच्या मागावर होतो.”

मी पेला दोन्ही हातांनी धरला.

“त्या दिवशी तुम्ही दीड वाजता रजिस्टरवर सही करून निघालात. तुमच्या दारातली सायकल इस्त्रीवाल्यानं पावणेदोनपासून बघितलीय. गर्दीत आलात ते घरातल्या स्लिपरवर. बाई म्हणतात, हे कामावर होते. घरातला माणूस लपवला जातो तेव्हा आम्हाला वाटतं, त्याचाच हात असणार. आणि तो ‘अहो’. बायको चोराला ‘अहो’ म्हणत नाही हो. माझी तर मलाही म्हणत नाही.”

“मला वाटलं होतं, तुम्ही...” मी म्हणालो.

“काय वाटलं?”

“काही नाही.”

त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं, पण त्यांनी ते आवरलं. “तुमचा हात नाही हे कळलंय मला. पण पकडलेला माणूस आता म्हणतोय, चोरी झालीच नाही, बाईंनीच घड्याळं विकायला दिली. जबाबातली एक गोष्ट खोटी निघाली की त्याचा वकील सगळंच खोटं ठरवेल. खुणा त्यांनी केल्या, म्हणजे घड्याळं त्यांच्याकडूनच आली, असंही म्हणेल. काल मी बाईंना सांगितलं, पुरवणी जबाब द्या, हे घरी होते म्हणा. त्या नाही म्हणाल्या.”

“का?”

“म्हणाल्या, ‘लिहिलंय ते लिहिलंय. मला लोकांनी खोटी म्हटलं तरी चालेल.’ आणि उठून गेल्या.”

मी पेला टेबलावर ठेवला. इतके दिवस मला ज्याचा हेवा वाटत होता त्या माणसासमोर बसून मला कळत होतं की माझी बायको माझ्यासाठी स्वतःचं नाव घालवायला निघालीय. आणि ती भात वाढत असताना मी तिला “पुढे?” विचारत होतो.

“लिहा,” मी म्हणालो. “मी घरात होतो.”

“झोपला होतात?”

तेवढं ‘हो’ म्हणून सुटता आलं असतं. ते उत्तर मी पाच-सहा आठवडे घोकत होतो. पण साहेब पुढं म्हणाले, “झोपला असाल तर तुम्ही असून नसल्यासारखेच. आवाज ऐकणारं कोणी असेल तर मात्र गोष्ट वेगळी. त्या माणसाचं बोलणं कोणी ऐकलं असेल, तर ही जबरदस्ती होती, देवघेव नव्हती, हे उभं राहतं.”

“जागा होतो,” मी म्हणालो. “तो म्हणाला, ‘सोड म्हणतो ना.’ ती तीनदा मला हाक मारत होती. मला.”

“पुढे?”

“मी उठलो नाही.”

त्यांनी ते तसंच लिहिलं. कूस बदलल्याचं, मागच्या दाराचं, वळशाचं, सगळं लिहिलं. मग वाचून दाखवलं. स्वतःच्या तोंडातली वाक्यं दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना माझी मान वर होईना. तीन पानं झाली. तिन्ही पानांवर सही केली. हिनंही अशाच सह्या केल्या होत्या, डाव्या हातानं. साहेब हसले नाहीत, उपदेशही केला नाही. म्हणाले, “आता बाईंचा पुरवणी जबाब घेता येईल. एवढं बोललात, ते घरी जाऊन त्यांनाही सांगा. माझ्याकडून कळण्यापेक्षा बरं.”

घरी आलो. ही मेजापाशी बसून पट्टीच्या हातानं एक लहानसा स्क्रू उचलायची सवय करत होती. उचलायचा, ठेवायचा, उचलायचा. मी समोरच्या, गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसलो.

“मी जबाब दिला,” मी म्हणालो.

तिचा चिमटा थांबला. “काय सांगितलंत?”

“घरात होतो म्हणून सांगितलं. मी कामावर होतो असं तू सांगायला नको होतंस. तुझं नाव गेलं असतं.”

“आणि?”

“आणि जागा होतो ते. डोळा लागला होता म्हणालो ते खोटं होतं.”

वाटलं होतं, चिडेल, रडेल, निदान भिंग तरी काढेल. तिनं स्क्रू पुन्हा उचलला, झाकणात ठेवला.

“मला माहीत होतं,” ती म्हणाली.

“कसं?”

“पहिल्या हाकेला तुमचं घोरणं थांबलं. इथं ऐकू आलं मला.” तिनं सुजरं मनगट मेजाच्या कडेवर टेकवलं. “मला वाटलं, उठलात, येताय. म्हणून मी पिशवी सोडली नाही.”